घारापुरीचे अघोर मुख आणि विजेची गिटार: ‘दशावतार’ या अल्बमच्या नादाचा इतिहास

१/२४
आजचा धागा जरा वेगळ्या वाटेचा आहे. किल्ले, शिलालेख आणि आरमार यांच्याविषयी लिहिता-वाचताना इतिहासाचा एक साक्षीदार आपल्या हातून हमखास सुटतो. तो म्हणजे नाद. जंजिऱ्याच्या तटावर तोफ अजून आहे, तिचा आवाज मात्र कुठेच नाही. आज रायगडच्या किनाऱ्यावर उभे राहून पलीकडच्या मुंबईत घडलेल्या एका नादाचा इतिहास पाहू. विषय आहे ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या बँडचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला ‘दशावतार’ हा एक्स्ट्रीम मेटल अल्बम. ज्यांना हे संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट वाटतो, त्यांनी हा धागा आवर्जून शेवटपर्यंत वाचावा.

२/२४
सुरुवात घारापुरीपासून. एलिफंटा या नावाने जगाला ठाऊक असलेले हे बेट मुंबईच्या बंदरात दिसते, पण ते आहे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या येथील मुख्य लेण्यात साडेपाच मीटरच्या आसपास उंचीची महेशमूर्ती आहे. मधले मुख ध्यानस्थ. पाहणाऱ्याच्या उजवीकडचे मुख कोमल, हाती फूल. डावीकडचे मुख अघोराचे: मिशा, ताणलेल्या भुवया, हाती सर्प. तिन्ही मुखे एकाच खांद्यांवर आहेत. ही गोष्ट मनात ठेवा. धाग्याच्या मध्यावर ती पुन्हा लागणार आहे.

३/२४
त्याच लेण्यात अंधकासुरवधाचे शिल्प आहे. शिवाचे सुळे बाहेर आले आहेत, डोळे वटारलेले आहेत, मागे हत्तीचे कातडे पसरले आहे आणि असुराचे रक्त जमिनीवर सांडू नये म्हणून खाली पात्र धरले आहे. कारण कथेनुसार रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा अंधक जन्मतो. शिल्पाचा खालचा भाग आज भंगलेला आहे, तरी पाहणारा क्षणभर थबकतो. हे भय शिल्पकाराच्या हातून चुकून उतरलेले नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने रौद्र, भयानक आणि बीभत्स यांना शृंगाराच्या आणि हास्याच्या पंक्तीत बसवले आहे. म्हणजे भीती निर्माण करणे हीसुद्धा आपल्याकडे एक शिकण्याची, साधण्याची विद्या होती.

४/२४
आता बंदर ओलांडू. साल २०००. साहिल मखिजा या तरुणाने मुंबईत ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा बँड उभा केला आणि त्याच वर्षी पहिला अल्बम काढला. पुढे ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५), ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) आणि ‘द डेमन किंग’ (२०१४) आले. मार्च २०१७ मध्ये आलेला ‘दशावतार’ हा त्यांचा पाचवा पूर्ण लांबीचा अल्बम. त्यावर गायन व गिटार साहिल मखिजा यांची, मुख्य गिटार निशिथ हेगडे यांची, बेस अश्विन श्रियन यांचा आणि ड्रम्स वीरेंद्र कैथ यांचे. गाणी १०, मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारास एक. शब्द इंग्रजी, कथा पुराणातली.

५/२४
हा नाद आला कुठून? त्याचे मूळ इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात आहे. १९६५ च्या सुमारास टोनी आयोमी हा तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा वादक असल्याने तारा दाबण्याची बोटे नेमकी हीच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा लावल्या आणि पुढे गिटारच सैल करून खालच्या स्वरात लावली. तारांवरचा ताण कमी झाला आणि नाद जड, खोल झाला. ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. हेवी मेटलचा प्रारंभ साधारणपणे तेथून मानतात.

६/२४
१९८० च्या दशकात या संगीताच्या सीमा ताणल्या गेल्या. ‘व्हेनम’ने १९८२ मध्ये ‘ब्लॅक मेटल’ हा अल्बम काढला आणि एका उपशैलीला नाव मिळाले. १९८६ मध्ये ‘स्लेअर’चा ‘रेन इन ब्लड’ आला. लांबी अवघी २९ मिनिटे, पण वेग असा की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत नाही. १९८७ मध्ये इंग्लंडमधून ‘नेपाम डेथ’चा ‘स्कम’ आणि अमेरिकेतून ‘डेथ’ या बँडचा ‘स्क्रीम ब्लडी गोर’ आला. नव्वदीत नॉर्वेच्या बँडांनी त्यात गारठा, अंधार आणि वाद्यवृंदाची भव्यता मिसळली. या साऱ्या शाखांचे एकत्रित नाव एक्स्ट्रीम मेटल. मुंबईच्या बँडने यांपैकी डेथ मेटलचे वजन आणि नॉर्वेची भव्यता या दोन्ही गोष्टी घेतल्या.

७/२४
आता नादाकडे वळू. मेटलच्या गिटारचा पाया म्हणजे पॉवर कॉर्ड. नाव परके असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे: षड्ज आणि पंचम एकत्र. तानपुऱ्याच्या ‘प सा सा सा’ या जुळणीत हेच दोन स्वर नांदतात. या जोडीचे गणित सोपे आहे. षड्जाची कंपने १०० धरली तर पंचमाची १५०. आवाज मुद्दाम फाडला, म्हणजे डिस्टॉर्शन दिले, की या दोहोंतील फरकाचा, ५० कंपनांचा, तिसरा स्वर ऐकू येऊ लागतो. तो म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. वादकाने न वाजवलेला स्वर नादातच जन्मतो. त्यात गांधार मिसळला की असे अनेक अनाहूत स्वर उठतात आणि नाद गढुळतो. म्हणून मेटलवादक गांधार वगळतो.

८/२४
‘पण आवाज फाडायचाच कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर मिरजेच्या तानपुऱ्यात सापडते. तानपुऱ्याची घोडी सपाट, किंचित उतरती घासतात आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतात. तार घोडीला ओझरती स्पर्शत राहते आणि शुद्ध, एकेरी नादाऐवजी उपस्वरांनी भरलेली झणझणीत आस उमटते. तिला जवारी म्हणतात. गिटारच्या डिस्टॉर्शनचे तंत्र वेगळे आहे. तेथे विजेचा संकेत मर्यादेपलीकडे वाढवून त्याच्या लहरींचे शेंडे कापले जातात. परिणामाची जात मात्र जवळची आहे: एका स्वरातून उपस्वरांचा थवा उठवणे. आपला कान गेली कित्येक शतके या झणझणीला सरावलेला आहे. फरक प्रमाणाचा आहे.

९/२४
स्वरांची निवडही पाहा. ‘ब्लॅक सॅबथ’च्या पहिल्याच गाण्याची मुख्य धून तीन स्वरांवर उभी आहे: सा, वरचा सा आणि तेथून उतरून तीव्र मध्यम. युरोपच्या कानाला हे अंतर शतकानुशतके अस्वस्थ करत आले. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम यमनात संध्याकाळची शांतता घेऊन येतो. यातून एक मोलाची गोष्ट कळते. भय स्वरात नसते, ते स्वराच्या शेजारात असते. एक्स्ट्रीम मेटल कोमल ऋषभाचाही भरपूर वापर करते. षड्जाला खेटून बसणारा हा स्वर भैरव आणि भैरवीमुळे आपल्या घरचाच आहे. म्हणून मुंबईच्या मुलांना या संगीताचे व्याकरण परके वाटले नाही, तर त्यात नवल ते काय?

१०/२४
तालाचे अंग. मेटलचा ड्रमवादक दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवतो. उदाहरण घ्या. मिनिटाला २०० ठोक्यांची लय आणि प्रत्येक ठोक्यात पायांचे चार आघात. मिनिटाला ८०० आघात झाले, सेकंदाला तेराहून अधिक. या गतीने तीनतालाच्या १६ मात्रा मोजल्या तर एक आवर्तन सव्वा सेकंदाच्या आत संपते. त्यावर हात स्नेअर आणि झांजा यांचा अखंड मारा करतात. त्यास ब्लास्ट बीट म्हणतात. येथे ताकदीपेक्षा समतोल लागतो. एक आघात जरी कमी वजनाचा पडला तरी सगळी भिंत डगमगते. वीरेंद्र कैथ यांचे वादन ऐकताना वेगाकडे नंतर लक्ष द्या. आधी आघात किती एकसारखे पडतात ते ऐका.

११/२४
गिटारवादक याच वेगाने एकाच तारेवर वर-खाली आघात करत राहतो. त्याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. सतारीचा झाला आठवा. चिकारीच्या तारांवर आघातांची सतत झड लागलेली असते आणि त्या झडीतून मुख्य स्वर वाट काढतो. फार वेगवान आघात कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांची एक सलग चादर होते. येथे एक विरोधाभास जन्मतो: वादकाचा हात जितका जलद, तितका नाद स्थिर. एक्स्ट्रीम मेटलमधील गूढ, तरंगती शांतता अशी वेगातून निर्माण होते. जे हे संगीत केवळ आदळआपट म्हणून ऐकतात, त्यांच्या कानांतून ही शांतता निसटते.

१२/२४
आणि तो आवाज! ग्राऊल म्हणजे घशातून ओरडणे नव्हे. आपल्या स्वरयंत्रात खऱ्या स्वरपटलांच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्यांना मिथ्या स्वरपटल म्हणतात. बोलताना त्या शांत राहतात. ग्राऊल करणारा गायक पोटातून श्वास तोलून त्या घड्या कंपित करतो. मध्य आशियातील तुवा प्रांताच्या खर्जगायनातही याच घड्या कामी येतात. पद्धत चुकली तर गळा दुखावतो, म्हणून याची वर्षानुवर्षे तालीम करावी लागते. साहिल मखिजा यांचे वैशिष्ट्य असे की ते एकाच गाण्यात हा खर्जाचा गुरगुराट आणि स्वच्छ, सुरेल गायन अशा दोन्ही आवाजांनी गातात.

१३/२४
आता महेशमूर्ती पुन्हा डोळ्यांसमोर आणा. एकाच खांद्यांवर अघोर मुख आणि कोमल मुख. ‘दशावतार’मध्ये एकाच गळ्यातून दोन आवाज. शिल्पकाराने मधे ध्यानस्थ मुख ठेवून दोन टोकांना जोडले आणि तोल साधला. अल्बममध्ये हे काम वाद्यांचे मध्यंतर आणि गिटारची एकल आलापी करतात. बँडने घारापुरीवरून प्रेरणा घेतली असे मला सुचवायचे नाही. माझे म्हणणे इतकेच की भीषण आणि कोमल यांना एका देहात बसवण्याचा प्रश्न या किनाऱ्यावर चौदाशे वर्षांपूर्वीही एका कारागिरासमोर होता. साधने बदलली, दगडाची जागा विजेने घेतली. प्रश्न तोच राहिला.

१४/२४
अल्बमची रचना पाहा. गंजिफा आठवते? सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १० रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२०. प्रत्येक अवताराचा एक रंग. तसा या अल्बममध्ये प्रत्येक अवताराला एक गाण्याचा अवकाश मिळतो. सतार, बासरी, तबला यांसारख्या भारतीय वाद्यांचे रंगही त्यात येतात. अशा प्रयोगांत मोठा धोका असतो: सतारीचे चार स्वर सुरुवातीला चिकटवायचे, मग नेहमीचे गाणे सुरू करायचे. पाहुण्याला दारातच चहा पाजून निरोप द्यावा तसे. ‘दशावतार’ या धोक्यातून सर्वत्र सुटतो असे म्हणता येणार नाही. पण जेथे सुटतो तेथे जवारी आणि डिस्टॉर्शन यांचे नाते कानाला खरोखर पटते.

१५/२४
जगात हा मार्ग एकट्या मुंबईने चोखाळलेला नाही. ब्राझीलच्या ‘सेपल्तुरा’ने १९९६ च्या ‘रूट्स’ या अल्बमसाठी शावांते या आदिवासी समाजासोबत ध्वनिमुद्रण केले. इस्रायलच्या ‘ऑर्फन्ड लँड’ने ‘मबूल’ (२००४) या अल्बममध्ये प्रलयाची कथा पश्चिम आशियाई सुरावटींतून सांगितली. १९९२ मध्ये सिंगापुरात स्थापन झालेल्या ‘रुद्र’ने संस्कृत मंत्र आणि वेदान्त विचार डेथ मेटलमध्ये आणून ‘वेदिक मेटल’ हे नाव रूढ केले. कारखान्यांच्या शहरात जन्मलेला नाद जगभर गेला आणि प्रत्येक ठिकाणी त्याला स्थानिक पुराणकथा भेटली. ‘दशावतार’ या मोठ्या प्रवाहातला मुंबईचा घाट आहे.

१६/२४
या संगीताला मुंबईत जागा कोणी दिली? धोबी तलावाजवळच्या रंगभवनाने. हे खुले नाट्यगृह सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी आहे. १९७८ मध्ये येथे ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. १९८६ पासून फरहाद वाडिया यांच्या पुढाकाराने ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. दोन-तीन पिढ्यांनी आपले पहिले जोरकस गिटारवादन येथेच ऐकले. इंटरनेटपूर्व काळात कॅसेटवरून कॅसेट उतरवून घेणाऱ्या मुलांना हे नाट्यगृह म्हणजे वर्षातून एकदा भरणारी जत्राच होती. आमच्या किनाऱ्यावरची मुले मांडव्याहून बोटीने किंवा पेणमार्गे एसटीने मुंबई गाठत असत, तिला या नादाची राजधानी म्हणता येईल.

१७/२४
मग कायदा आला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्र ठरवता येते. तेथे मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकास बंदी. रंगभवन महाविद्यालय आणि रुग्णालये यांच्या सान्निध्यात असल्याने तेथील मैफली थांबल्या. रुग्णाच्या झोपेचा हक्क खराच, त्याविषयी वाद नाही. परंतु इतिहासाचा अभ्यासक म्हणून एवढे नोंदवावे लागते की एका नियमामुळे एका संगीताचे घर गेले आणि त्याच्या जागी दुसरे घर कोणी बांधले नाही. जॅझ, रॉक आणि मेटल या तिघांचे बिऱ्हाड एकाच दिवशी रस्त्यावर आले.

१८/२४
तरीही बँड टिकले. मोठ्या कंपन्या या संगीताकडे फिरकत नव्हत्या, म्हणून साहिल मखिजा यांनी ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ हे स्वतःचे प्रकाशन उभे केले. २०१० साली बँड नॉर्वेतील ओस्लोच्या ‘इन्फर्नो’ महोत्सवात वाजला. ज्या देशाचे अल्बम ऐकून शिकले त्याच देशात! त्याच वर्षी लंडनमध्ये ‘मेटल हॅमर’ मासिकाच्या ‘गोल्डन गॉड्स’ सोहळ्यात त्यांना ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार मिळाला. त्याच मुंबईत एका बँडने आपले नाव सरळ ‘भयानक मौत’ ठेवले होते. नाट्यशास्त्रातला रस थेट फलकावर. आपल्या मराठी वृत्तपत्रांत या साऱ्याची दखल किती घेतली गेली, हे वाचनालयातील जुने अंक उघडून तुम्हीच पाहा.

१९/२४
आता किनाऱ्यावर परत. अल्बममधील सहावे गाणे परशुरामाचे. परशुरामाने समुद्र मागे हटवून ही भूमी मिळवली, म्हणून कोकणाला परशुरामक्षेत्र म्हणतात. दहा अवतारांपैकी हा एक थेट आपल्या पायांखालच्या जमिनीचा. आणि दशावतार सादर करण्याची परंपराही कोकणचीच. सिंधुदुर्ग व गोव्याच्या दशावतारी नाटकांत वेद पळवणारा संकासुर काळ्या वेषात रंगमंचावर येतो आणि पोरे आईच्या कुशीत दडतात. दक्षिण रायगडात शिमग्याला खालू बाजा वाजतो. सनई, ढोल, टिमकी यांचा नाद छातीच्या फासळ्यांत जाणवतो. मोठा, अंगावर येणारा, भीती आणि आनंद एकत्र देणारा नाद आम्हांला बर्मिंगहॅमहून शिकावा लागला नाही.

२०/२४
खरी कसोटी नवव्या गाण्यात आहे. अल्बमने नवव्या स्थानी बुद्ध ठेवला. ही यादी दिसते तितकी सरळ नाही. काही परंपरांत बलराम दहांत येतो. महाराष्ट्रातील काही जुन्या चित्रांत आणि शिल्पांत नवव्या जागी विठ्ठल उभा असतो. पुराणांचा सूरही एक नाही. काही ठिकाणी असुरांना मोह पाडण्यासाठी विष्णूने हे रूप घेतले असे म्हटले आहे, तर बाराव्या शतकातील जयदेवाने यज्ञातील पशुहिंसेचा निषेध करणारा करुणामय अवतार म्हणून बुद्धाची स्तुती केली. म्हणजे ‘नववा अवतार कोण?’ या प्रश्नाच्या उत्तरात हजार-दीड हजार वर्षांचा वाद गुंडाळलेला आहे.

२१/२४
आणि हा वाद रायगड जिल्ह्यात उभे राहून टाळता येत नाही. सावित्रीकाठच्या महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला आणि अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील एक प्रतिज्ञा स्पष्ट आहे: बुद्ध हा विष्णूचा अवतार होता असे मानणार नाही. ही कल्पना त्यांनी खोडसाळ प्रचार ठरवली. तेव्हा ज्या घरांत या प्रतिज्ञा भिंतीवर आहेत, त्या घरातील एखादा मुलगा मेटल ऐकत असेल, तर नवव्या गाण्यापाशी त्याचे बोट थांबेल. त्याचे थांबणे इतिहासाला धरून आहे.

२२/२४
मग अल्बम चुकला का? माझे मत असे. अल्बमने पुराणातील प्रचलित यादी जशी होती तशी घेतली आणि नवव्या गाण्याच्या नावात बुद्धाला ‘शिक्षक’ म्हटले. बौद्ध परंपरेत बुद्धाला ‘शास्ता’ म्हणतात, त्याचा अर्थही शिकवणारा. मोह पाडणारा देव या जुन्या पुराणकथेपेक्षा हे नाव अधिक आदराचे आहे. तरीही यादीत बसवणे हेच ज्यांना अमान्य आहे, त्यांचा आक्षेप या आदराने मिटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कलाकृती ऐकायची, तिच्या कौशल्याला दाद द्यायची आणि तिने न विचारलेला प्रश्न आपण विचारायचा. ऐकण्याची प्रौढता याहून वेगळी काय असते?

२३/२४
एक तारखांचा योग सांगतो. ‘दशावतार’ प्रसिद्ध झाला मार्च २०१७ मध्ये. समुद्राखालून केबल टाकून घारापुरीला नियमित वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. म्हणजे समोरच्या शहरात विजेच्या गिटारने परशुराम आणि नरसिंह उभे राहत होते, तेव्हा अघोराच्या बेटावरील घरांना संध्याकाळच्या काही तासांपुरता डिझेलच्या जनरेटरचा आधार होता. बंदराचे पाणी एकच, अंतर बोटीने तासाभराचे. नादाचा इतिहास लिहिताना वीज कोणाकडे होती, मंच कोणाला मिळाला आणि कोणाचा ढोल कोणीच मुद्रित केला नाही, हेही लिहावे लागते. जगभर पोहोचलेला अल्बम टिकेल. गावचा खालू बाजा टिकेलच याची खात्री देता येत नाही.

२४/२४
म्हणून शेवटी एक विनंती. ‘दशावतार’ एकदा शांतपणे, चांगल्या हेडफोनवर, आवाज बेताचा ठेवून ऐका. पहिल्या खेपेस फक्त पायांचे आघात, दुसऱ्या खेपेस षड्ज-पंचमाची भिंत, तिसऱ्या खेपेस दोन आवाजांची अदलाबदल. मग घारापुरीला जा आणि अघोर मुखासमोर पाच मिनिटे उभे राहा. आणि यंदाच्या शिमग्याला गावी गेलात तर खालू बाजा वाजवणाऱ्या आजोबांचे वादन मोबाईलवर मुद्रित करून घ्या; नाव, गाव, तारीख आणि वाजवलेल्या चालीचे नाव त्यांना विचारून लिहून ठेवा. तोफेचा आवाज आपण गमावला आहे, हा तरी गमावू नये. धागा आवडला तर पुढे पाठवा, आणि नवव्या गाण्याविषयी तुमचे मत काय ते नक्की लिहा.